१,२३,४५,६७८ हातात घ्या: मोठ्या संख्येचे गुणधर्म न चुकता कसे काढायचे

आठ अंकी संख्या देऊन विचारलं की हिचे विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ही पूर्ण वर्ग आहे का, तर बहुतेक जण प्रश्न ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने सोडवायला बसतात. विभाजक एकेक करून हुडकतात, त्यातले दोन-चार निसटतात, मग बेरीजही चुकते आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही. यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं मूळ अवयवांतून निघतात. म्हणून आधी अवयव पक्के करायचे, ते तपासायचे आणि मगच पुढे जायचं. खरं कष्टाचं काम तेवढंच आहे, बाकीचा हिशेब दहा मिनिटांचा.

उदाहरणाला १,२३,४५,६७८ ही संख्या घेतली आहे. दिसायला सोपी आहे, पण नेहमीच्या जवळजवळ सगळ्या चुका हिच्यात करता येतात.

## टप्पा १ : पूर्वतयारी

मूळ संख्यांची यादी आधीच लिहून ठेवा. १२० पर्यंतच्या तीस मूळ संख्या एका कागदावर असू द्या. ऐन वेळी आठवून लिहायला गेलात तर ५१, ५७, ८७, ९१, १११ आणि ११९ हमखास यादीत घुसतात. यातली एकही मूळ नाही (९१ = ७ × १३, ११९ = ७ × १७).

संख्या तीन पद्धतींनी लिहा.

- आपल्या स्वल्पविरामांनी: १,२३,४५,६७८
- उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट: १२ | ३४५ | ६७८
- उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट: १२ | ३४ | ५६ | ७८

हा खटाटोप उगीच नाही. ७, ११ आणि १३ या तिन्हींची एकत्र कसोटी तीन-तीन अंकांच्या गटांवर चालते. आपले लाख-कोटींचे स्वल्पविराम मात्र पहिल्या तीन अंकांनंतर दोन-दोन अंकांनी पडतात. स्वल्पविराम बघून गट पाडले की कसोटीच कोसळते, आणि ही चूक चांगले चांगले करतात.

दोन खुणा टिपून ठेवा. पहिली, अंकांची बेरीज: १+२+३+४+५+६+७+८ = ३६, म्हणजे ९ ने भागल्यावर बाकी ०. दुसरी, एककापासून सुरू करून एकाआड एक बेरीज-वजाबाकी: ८−७+६−५+४−३+२−१ = ४, म्हणजे ११ ने भागल्यावर बाकी ४.

> सावधान: दुसरी खूण डावीकडून काढली तर −४ येतं, म्हणजे बाकी ७. ११ ने भाग जातो की नाही एवढंच बघायचं असेल तर फरक पडत नाही, पण बाकी हवी असेल तर सुरुवात एककापासूनच करायची.

दोन खुणा कशाला? उतरवून घेताना शेजारचे दोन अंक उलटेपालटे झाले, समजा १,२३,५४,६७८ लिहिलं गेलं, तर अंकांची बेरीज ३६ च राहते आणि पहिली खूण गप्प बसते. दुसरी मात्र ४ ऐवजी ६ देते. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल ११ च्या खुणेतून सुटूच शकत नाही.

## टप्पा २ : झटपट कसोट्या

वर्ग आहे का? एककस्थानी २, ३, ७ किंवा ८ असेल तर संख्या पूर्ण वर्ग नसते. आपल्याकडे ८ आहे, म्हणजे प्रश्न मिटला. तरी वर्गमूळाचा अंदाज लिहून ठेवा, पुढे लागेल: ३५१३² = १,२३,४१,१६९ आणि ३५१४² = १,२३,४८,१९६. म्हणजे वर्गमूळ ३५१३ च्या थोडं पुढे.

२ : संख्या सम आहे. २ ने भागून ६१,७२,८३९ मिळतात. ही विषम, म्हणजे २ चा घातांक १.

३ आणि ९ : अंकांची बेरीज ३६, म्हणून ९ ने भाग जातो. ६१,७२,८३९ ÷ ९ = ६,८५,८७१. आता याच्या अंकांची बेरीज ३५, म्हणजे ३ ने आणखी भाग जात नाही. ३ चा घातांक २ वर थांबला.

> सावधान: "अंकांची बेरीज ३६, म्हणून ३६ ने भाग जातो" हे वाक्य उत्तरपत्रिकांत नेहमी दिसतं. अंकांच्या बेरजेची कसोटी फक्त ३ आणि ९ साठी आहे. ३६ ने भाग जायला ४ नेही जावा लागतो, आणि शेवटच्या ७८ ला ४ ने भाग जात नाही.

५ : आता उरलेल्या ६,८५,८७१ च्या एककस्थानी १, म्हणून नाही.

७, ११, १३ : १००१ = ७ × ११ × १३, म्हणून तीन अंकी गटांची उजवीकडून एकाआड एक बेरीज-वजाबाकी करायची. ६८५ | ८७१ → ८७१ − ६८५ = १८६. आता फक्त १८६ तपासा: ७ ने बाकी ४, ११ ने बाकी १०, १३ ने बाकी ४. तिन्ही बाद.

३७ : ९९९ ला ३७ ने भाग जातो, म्हणून इथे गटांची नुसती बेरीज चालते: ६८५ + ८७१ = १५५६, आणि १५५६ − १५५४ = २. बाकी २, म्हणजे हीसुद्धा बाद.

## टप्पा ३ : एकेका मूळ संख्येने भागत जाणे

उरली आहे ६,८५,८७१. लोक इथे दोन टोकं गाठतात. काही जण २०-२५ पर्यंत भागून बघतात आणि "मूळ असावी" म्हणून सोडून देतात. काही जण पहिल्या संख्येचं वर्गमूळ धरून ३५१३ पर्यंत भागायची तयारी करतात. दोन्ही चूक. मर्यादा आत्ता उरलेल्या संख्येच्या वर्गमूळाची असते: ८२८² = ६,८५,५८४ आणि ८२९² = ६,८७,२४१, म्हणजे ८२८ पर्यंत. तेवढ्यात १४४ मूळ संख्या येतात. त्या सगळ्या लागतीलच असं नाही, पण त्याआधी थांबायचा अधिकार आपल्याला नाही.

लांबलचक भागाकार मांडू नका, मोठे तुकडे वजा करत जा. १७ साठी असं:

६,८५,८७१ − ६,८०,००० = ५,८७१
५,८७१ − ५,१०० = ७७१
७७१ − ६८० = ९१
९१ − ८५ = ६

बाकी ६. प्रत्येक बाकी लिहून ठेवा. "भाग जात नाही" एवढंच लिहिलं तर नंतर तपासायला काहीच उरत नाही. आपली नोंद अशी होते:

१७ → ६, १९ → ९, २३ → ११, २९ → २१, ३१ → २७, ३७ → २, ४१ → २३, ४३ → २१.

आता ४७:

६,८५,८७१ − ४,७०,००० = २,१५,८७१ (१०,००० वेळा)
२,१५,८७१ − १,८८,००० = २७,८७१ (४,००० वेळा)
२७,८७१ − २३,५०० = ४,३७१ (५०० वेळा)
४,३७१ − ४,२३० = १४१ (९० वेळा)
१४१ − १४१ = ० (३ वेळा)

बाकी शून्य, आणि कंसातले आकडे मिळवले की भागाकारही तयार: १४,५९३.

## टप्पा ४ : कुठे थांबायचं

आता उरली १४,५९३, आणि मर्यादा लगेच बदलायची: १२०² = १४,४०० आणि १२१² = १४,६४१, म्हणजे फक्त १२० पर्यंत. मघाशी ८२८ पर्यंत जायचं होतं ते एका भागाकाराने १२० वर आलं. ही ओळ जो लिहीत नाही त्याची संध्याकाळ वाया जाते.

४७ पेक्षा लहान मूळ संख्या पुन्हा तपासायची गरज नाही. समजा ४३ ने १४,५९३ ला भाग गेला असता, तर ६,८५,८७१ लाही गेला असता आणि तिथेच सापडला असता. पण खुद्द ४७ पुन्हा तपासायलाच हवी. एकदा भाग गेला की लोक पुढच्या मूळ संख्येकडे वळतात, आणि घातांक २ असेल तर तो कायमचा हुकतो.

४७ → २३, ५३ → १८, ५९ → २०, ६१ → १४, ६७ → ५४, ७१ → ३८, ७३ → ६६, ७९ → ५७, ८३ → ६८, ८९ → ८६, ९७ → ४३, १०१ → ४९, १०३ → ७०, १०७ → ४१, १०९ → ९६, ११३ → १६.

सोळाच्या सोळा वेळा बाकी उरली. पुढची मूळ संख्या १२७, ती मर्यादेबाहेर. म्हणजे १४,५९३ मूळ आहे.

१,२३,४५,६७८ = २ × ३² × ४७ × १४,५९३

### इथे थांबून तपासा

पुढची प्रत्येक पायरी या ओळीवर उभी आहे, म्हणून पहिल्या टप्प्यातल्या खुणा आता वापरायच्या. ११ ने भागल्यावर १८ (म्हणजे २ × ३²) ची बाकी ७, ४७ ची ३, १४,५९३ ची ७. गुणाकार ७ × ३ × ७ = १४७, आणि त्याची बाकी ४. दिलेल्या संख्येची खूणही ४ होती. जुळलं.

७ ने सुद्धा बघा. दिलेल्या संख्येचे तीन अंकी गट: ६७८ − ३४५ + १२ = ३४५, बाकी २. अवयवांकडून १८ → ४, ४७ → ५, १४,५९३ → ५. गुणाकार १००, बाकी २. हेही जुळलं. खुणा न जुळल्या तर चूक नक्की आहे. जुळल्या तरी एकदा पूर्ण गुणाकार करून बघाच: १४,५९३ × ८४६ = १,२३,४५,६७८.

## टप्पा ५ : विभाजक

किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार: (१+१)(२+१)(१+१)(१+१) = २४. ज्या मूळ संख्येवर घातांक लिहिलेला नसतो तिचा घातांक १ असतो, शून्य नाही. ही चूक क्षुल्लक वाटते, पण वर्गात निम्म्या वेळा तीच असते.

कोणते? १८ चे सहा विभाजक एका ओळीत लिहा आणि ती ओळ ४७, १४,५९३ आणि त्यांच्या गुणाकाराने गुणा:

- १, २, ३, ६, ९, १८
- ४७, ९४, १४१, २८२, ४२३, ८४६
- १४,५९३, २९,१८६, ४३,७७९, ८७,५५८, १,३१,३३७, २,६२,६७४
- ६,८५,८७१, १३,७१,७४२, २०,५७,६१३, ४१,१५,२२६, ६१,७२,८३९, १,२३,४५,६७८

> तपासा: संख्या पूर्ण वर्ग नसेल तर निम्मे विभाजक वर्गमूळाच्या खाली आणि निम्मे वर असतात. वर्गमूळ ३५१३ च्या आसपास होतं. खाली १२, वर १२. बरोबर.

या यादीत ८४६ नंतर थेट १४,५९३ येतो, मधे काहीच नाही. एवढी मोठी फट बघून काहीतरी राहिलं असं वाटून शोधाशोध सुरू होते. काही राहिलेलं नाही. मोठा मूळ अवयव असला की अशी फट पडतेच.

## टप्पा ६ : विभाजकांची बेरीज

प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून त्याच्या सर्वोच्च घातापर्यंतची बेरीज करायची आणि त्या बेरजांचा गुणाकार घ्यायचा.

- २ साठी: १ + २ = ३
- ३² साठी: १ + ३ + ९ = १३
- ४७ साठी: ४८
- १४,५९३ साठी: १४,५९४

३ × १३ × ४८ × १४,५९४ = २,७३,१९,९६८

३² साठी (१+३)² = १६ घेणारे पुष्कळ. मग उत्तर ३,३६,२४,५७६ येतं. दिसायला हे उत्तरही ठीकच वाटतं, म्हणून तर ते पकडलं जात नाही. पडताळा विभाजकांच्या यादीवरून घ्या: पहिल्या ओळीची बेरीज ३९, दुसरीची १,८३३, तिसरीची ५,६९,१२७, चौथीची २,६७,४८,९६९. एकूण २,७३,१९,९६८.

यातून दिलेली संख्या वजा केली की १,४९,७४,२९० उरतात. हे संख्येपेक्षा जास्त आहेत, म्हणून ही विपुल संख्या. खरं तर एवढंच हवं असेल तर बेरीज करायचीही गरज नव्हती: ६ परिपूर्ण संख्या आहे (स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज १ + २ + ३ = ६), आणि ६ पेक्षा मोठी असलेली ६ ची प्रत्येक पट विपुल असते.

## टप्पा ७ : सहमूळ संख्यांची मोजणी

१ पासून १,२३,४५,६७८ पर्यंतच्या किती संख्यांचा हिच्याशी १ शिवाय सामाईक विभाजक नाही? हेच ऑयलरचं फाय फलन. प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करायचा आणि घातांक १ पेक्षा जास्त असेल तर उरलेला घात तसाच ठेवायचा:

२ साठी १, ३² साठी ३ × २ = ६, ४७ साठी ४६, १४,५९३ साठी १४,५९२.

१ × ६ × ४६ × १४,५९२ = ४०,२७,३९२

इथली ठरलेली चूक म्हणजे ३² साठी २ × २ = ४ घेणं. तिचा अंदाजाने पडताळा घेता येतो. सम संख्या गेल्या, ३ च्या पटी गेल्या, म्हणजे साधारण एक तृतीयांश उरायला हव्यात: ४१,१५,२२६. ४७ मुळे त्यातून थोड्या कमी होतील. ४०,२७,३९२ पटतं. चुकीच्या रीतीने येणारे २६,८४,९२८ पटत नाहीत.

## टप्पा ८ : अवयवांतून निघणारी बाकीची उत्तरं

पूर्ण वर्ग करायला किमान कितीने गुणावं? विषम घातांकाच्या मूळ संख्या घ्या: २ × ४७ × १४,५९३ = १३,७१,७४२. ३ चा घातांक आधीच सम आहे, तिला हात लावायचा नाही.

दोन वर्गांची बेरीज होते का? ४ ने भागल्यावर ३ बाकी देणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असावा लागतो. ३ चा घातांक २, ठीक. ४७ ची बाकी ३ आणि घातांक १, म्हणून होत नाही. गंमत म्हणजे हे ४७ सापडण्याआधीच सांगता आलं असतं: ६,८५,८७१ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणजे तिच्यात असा एखादा अवयव विषम घातांकाने असलाच पाहिजे.

द्विमान रूप : चोवीस वेळा २ ने भागण्यापेक्षा १६ ने भागा. बाक्या अनुक्रमे १४, ४, १, ६, १२, ११. त्या उलट क्रमाने घ्यायच्या आणि प्रत्येकीसाठी पुरते चार अंक लिहायचे: १०११ ११०० ०११० ०००१ ०१०० १११०. बाकी १ आली की ०००१ ऐवजी नुसता १ लिहिला जातो आणि सगळं रूप सरकतं. संख्या २²³ = ८३,८८,६०८ आणि २²⁴ = १,६७,७७,२१६ यांच्या मधे आहे, म्हणजे अंक २४ च हवेत. मोजून घ्या.

अंकांवरचे गुणधर्म : यांचा मूळ अवयवांशी थेट संबंध नाही, पण प्रश्न येतात. देवळालीचे द. रा. कापरेकर यांनी अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद संख्या म्हटलं. आपली संख्या हर्षद नाही, कारण ३६ ने भाग जात नाही. दुसरा प्रश्न स्वयंभू संख्येचा: एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून ही संख्या तयार होते का? होत असेल तर ती स्वयंभू नाही. चाचपडत बसू नका. शोधायची संख्या १२३४५६ ने सुरू होणार हे उघड आहे. दशक ब आणि एकक क मानला तर ११ब + २क = ५७. ब विषम हवा, आणि ब = ५, क = १ एवढीच जोडी बसते. १,२३,४५,६५१ च्या अंकांची बेरीज २७, आणि १,२३,४५,६५१ + २७ = १,२३,४५,६७८. म्हणजे स्वयंभू नाही.

## संख्या याहून मोठी असेल तर

हीच संख्या उलटी लिहून बघा: ८,७६,५४,३२१ = ३² × १,९९७ × ४,८७७. अंक तेच, पण ९ काढल्यावर पुढचा अवयव थेट १,९९७ वर सापडतो, आणि ती ३०२ वी मूळ संख्या आहे. हे हाताने करू नका. एक दिलासा मात्र आहे: १,९९७ सापडल्यावर उरलेली ४,८७७ ही १,९९७ च्या वर्गापेक्षा लहान आहे आणि तिच्याआधीच्या सगळ्या मूळ संख्या बाद झालेल्या आहेत, म्हणून ती वेगळी तपासायला नको.

यंत्र वापरताना पुढच्या गोष्टी सांभाळा.

१. एक्सेल पंधराच सार्थ अंक ठेवतं. सोळावा अंक गुपचूप शून्य होतो. त्यापुढच्या संख्येची सम-विषमता सुद्धा तिथे विश्वासाची नाही.

२. पायथनमध्ये एका तिरक्या रेषेचा भागाकार दशांशात जातो आणि मोठ्या संख्येत शेवटचे अंक बिघडतात. दोन तिरक्या रेषांचा पूर्णांकी भागाकार आणि बाकीसाठी टक्क्याचं चिन्ह, एवढंच वापरा.

३. खिशातल्या कॅल्क्युलेटरवर दशांश चिन्हापुढे काही दिसलं नाही म्हणून निःशेष भाग गेला असं धरू नका. पडद्यावर जागा संपलेली असू शकते. उलट गुणाकार करा.

४. मूळ असल्याची झटपट चाचणी करताना फक्त २ हा पाया (ज्या संख्येचा घात घेऊन बाकी बघतात ती) पुरत नाही. ३४१ = ११ × ३१, तरीही २ चा ३४० वा घात ३४१ ने भागल्यावर बाकी १ च देतो. मिलर-राबिन चाचणी घ्या: ३,२१,५०,३१,७५१ पेक्षा लहान संख्येला २, ३, ५, ७ हे चार पाये पुरतात, आणि ३४,१५,५०,०७,१७,२८,३२१ पेक्षा लहान संख्येला १७ पर्यंतचे सात. चाचणीने "संयुक्त" म्हटलं तर ते पक्कं, पण अवयव कोणते ते ती सांगत नाही. ते वेगळे शोधावे लागतात.